सहा दिवे

आगरदांडा, फेब्रुवारी १९३४. मंगळवार, संध्याकाळ.

"दुप्पट" म्हणालो ते सकाळपासून टोचतंय. हलिमाच्या लग्नाच्या मांडवासाठी मी जहाजावरचे सहा दिवे आणले. मामूंनी एक हातात घेऊन निरखला. "माझ्या भातगिरणीचा डायनामो दोनशेवीस व्होल्टचा हाय. चालतील ना?" जहाजावर वीज सांभाळणारा मी, चार माणसांत तोऱ्यात म्हणालो, "उजेड दुप्पट पडेल, एवढंच."

आत्ता कागदावर मांडलं. दिव्याला एकशेदहा व्होल्ट, अर्धा अँपिअर. भागून रोध दोनशेवीस ओहम, गुणून शक्ती पंचावन्न वॅट. रोध तोच धरला, तर गिरणीच्या विजेवर एक अँपिअर. दोनशेवीस वॅट. दुप्पट कुठली, चौपट. दिवा टिकायचा नाही, आणि मांडव सगळा सुक्या झावळ्यांचा.

हे आधीच का नाही मांडलं?

हलिमा खांद्यावरून बघत होती. "भाय, दोन दिव्यांत तो जोर वाटून देता येत न्हाय?"

येतो. दोन-दोन एकामागे एक जोडले की प्रत्येकाला एकशेदहाच. मामूंना सांगायलाही नको. जोड्या लावायला पेटी उघडली.

पाचच आहेत. सहावा मामूंच्या हातात होता, तो मी परत घेतलाच नाही. मामू तो गिरणीत लावून बघणार, आणि तिथे तर सगळीकडे सुका कोंडा.

तिकडे गिरणीच्या इंजिनाची धडधड सुरू झालीय. पळतो.