लानरच्या घराचं काम

४ ऑक्टोबर, शनिवार

आलो एकदाचे हिंटरलानला! जर्मनीतल्या बायर्न प्रांताच्या पार दक्षिणेला आहे हे गाव. इथे रस्ता संपतो आणि डोंगर सुरू होतो. एर्लांगेनच्या दोन खोल्यांतून निघून आता दगडी पायाचं, लाकडी माडीचं आख्खं घर, तेही गावाने स्वतःहून देऊ केलेलं. माझी नोकरी इथल्या बर्फमापन केंद्रात. वरच्या उतारावर किती बर्फ साठला, तो सुटेल का, हे बघायचं. राजानंदचं ऑफिस एर्लांगेनलाच, त्यामुळे नवरोबा शुक्रवारी उगवणार आणि रविवारी मावळणार. उर्जाची शाळा पायी जाण्यासारखी आहे. सहा वर्षांच्या आमच्या बाईसाहेबांना मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच.

संध्याकाळी शेजारच्या फ्राउ एगर सफरचंदाचा केक घेऊन आल्या. सांगत होत्या, इथे आडनाव कुणी विचारत नाही, माणूस घराच्या नावाने ओळखला जातो. आमचं घर लानरचं, म्हणून आजपासून मी लानरीण. मला इतकं हसू आलं! आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा वाचायचा, या सवयीत उभा जन्म गेला माझा. मला याहून चांगलं गाव कुठे मिळणार होतं?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज धम्मदीक्षेचा दिवस. फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, खीर केली. वाटीभर खीर फ्राउ एगरना नेऊन दिली आणि गावाचा इतिहास ऐकून आले.

लान म्हणजे इथल्या बोलीत कोसळणारा बर्फ. दोनेकशे वर्षांपूर्वी वरचा उतार सुटला आणि सगळं गाव गाडलं गेलं. वाचलं ते फक्त सगळ्यांत वरचं, म्हणजे आमचं घर. लानरला आधीच चाहूल लागली होती. तो बायकापोरं घेऊन पळाला, पण घंटा वाजवली नाही. चर्चच्या भिंतीवर मेलेल्यांची नावं आहेत, त्यात लानर एकही नाही. हे सांगताना आजीबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं काही मीच पळाले होते.

तेव्हापासून इथे प्रत्येक घराला काम लावून दिलंय. घंटा एगरांनी वाजवायची, रस्ता दुसऱ्या कुणी मोकळा ठेवायचा. आमच्या घराचं काय, असं विचारलं, तर म्हणाल्या, बर्फ बसू दे, कळेल. खिरीची वाटी तशीच ओट्यावर होती.

८ नोव्हेंबर, शनिवार

बुर्गरमाइस्टर, म्हणजे इथले सरपंच, बूट न काढता थेट दिवाणखान्यात. गोड बोलून काम सांगितलं. पहिला मोठा बर्फ बसला की लानरच्या घरातल्या एकाने उताराखालच्या दगडापाशी जाऊन दिवसभर उभं राहायचं. बस, एवढंच. उतार शांत राहिला तर गाव हिवाळाभर निर्धास्त. आणि नाही राहिला तर? त्यांनी नुसते हात झटकले. मूळचे लानर केव्हाच संपलेत. नंतर या घरात एक रोमानियन जोडपं होतं, मग एक सीरियन नर्स. ते सगळे आता कुठे आहेत विचारलं, तर म्हणाले, गेले.

माझं डोकंच सणकलं. आमच्या आजोबांच्या वाट्याला असलीच गावकी होती. वेशीवर जागायचं, मेलेली ढोरं ओढायची. का, तर त्या घरात जन्माला आलात म्हणून. आजोबांनी एक दिवस नाही म्हणून सांगितलं आणि गाव सोडलं. आणि त्यांची नात डॉक्टरेट मिळवून इथे गावकी करणार? हाड! चांगल्या खणखणीत जर्मनमध्ये सांगितलं, मी नाही, माझ्या घरातलं कुणीच नाही. साहेब शांतपणे गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत उठले.

राजानंद म्हणाला, परत एर्लांगेनला जाऊ, नको ही कटकट. मी म्हटलं, पळणाऱ्यांतली मी नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बेकरीत माझ्यापुरता पाव संपलेला असतो, माझ्या मागच्या बाईला मिळतो. माझ्या ग्र्युस गॉटला, म्हणजे इथल्या नमस्काराला, कुणी उत्तर देत नाही. शाळेत उर्जाच्या शेजारी कुणी बसत नाही. आल्झो, थोडक्यात बहिष्कार! वाटलं तितकं लांब आलेलो नाही आपण.

थोडा बर्फ पडला. रस्त्यावरचा सगळा बर्फ ओढून आमच्या फाटकाशी रचलाय, बाहेर पडायला फावडं लागतं. पण मागच्या दारापासून वर दगडाकडे जाणारी वाट मात्र कुणीतरी लख्ख झाडून ठेवली आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस नुसता बर्फ. घाट बंद, बस बंद. राजानंद गाडी घेऊन निघाला होता, तो खालच्या गावात अडकलाय. उतारावर नवा बर्फ खच्चून भरलाय आणि खालचा थर भुसभुशीत आहे. गाव रिकामं करा म्हणून बुर्गरमाइस्टरना फोन केला. ते म्हणाले, उपाय तुमच्याच घरात आहे.

आणखी एक. काल उतारावर साठलेल्या बर्फाची कड झाडांच्या वर होती, आज झाडांच्या खाली आहे. तो कोसळला नाही, आवाज नाही, एक फांदी मोडलेली नाही. नुसता पुढे आलाय. मी बर्फच शिकलेय, बर्फ असा चालत नाही. मला भीती वाटतेय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कड आमच्या मागच्या कुंपणापाशी आलीय, दगडाकडची वाट तेवढी मोकळी.

उर्जा सकाळपासून मागच्या खिडकीशी उभी. जेवत नाही. उर्जा म्हणून हाक मारली तर वळत नाही. बाहेरून फ्राउ एगरनी लानर म्हणून हाक मारली, तर झटकन वळली. विचारलं काय बघतेस, तर म्हणे वरचे बोलावतायत. वरचे कोण, ते सांगत नाही. पाय बर्फासारखे गार. दोन्ही दारांना कुलूप लावलं, किल्ल्या माझ्या खिशात. फोन लागत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मागचं दार सताड उघडं. किल्ल्या खिशातच आहेत. उर्जा नाही — वाटेवर तिच्या बुटांचे ठसे, वर जाणारे —

दगडापाशी

सापडली. उताराकडे तोंड करून उभी होती. उचललं, खाली धावले, तोच वर धप्प — बर्फात आडवी भेग पळत गेली. परत दगडाशी आणलं, भेग थांबली. पुन्हा निघाले. पुन्हा तेच.

कुणीतरी एक इथे हवंच. बर्फ सुटला तर गावावर जाणार, आणि खाली गेली तरी उर्जा गावातच —

म्हणून मी उभी आहे. माझ्याच तोंडाने म्हणाले, हे आमच्या घराचं काम. आजोबा, थू माझ्यावर. पण तेवढं म्हटलं आणि पोर शुद्धीवर आली, रडायला लागली. तिला सांगितलं, एगरआजींकडे जा, बाबा येतील. हात सोडत नव्हती. ओरडले तिच्यावर, तेव्हा गेली.

राजानंद, वही कोटाच्या खिशातच होती, वर बघवत नाही म्हणून लिहितेय. हात चालत नाहीत —

पोचली. लाल जॅकेट दिसतंय. एगरांचं दार वाजवतेय.

उघडत नाहीत. पडदा हलला. आत आहेत मेले.

दुसरं दार. पुढचं. शटर ओढून घेतायत —

अरे, लेकरू आहे ते! मी उभी आहे ना इथे! तुमच्यासाठीच उभी आहे ना!

चौकात एकटीच —

वळली.

नको. उर्जा, वर नको येऊस. मी हात हलवतेय, जा म्हणून — तिला वाटतंय मी बोलावतेय —

धावत सुटलीय. मी नुसती तिच्याकडे झुकले, तोच वर पुन्हा धप्प — पाय उचलला तर —