कुंदाची खूण

प्रिय विमलताई,

रविवारी कुंदाचं लग्न आहे. मुलगा सोनिवलीचा, तिच्यासारखाच ऐकू न येणारा, पण काय हसरा! पत्रिका वाटायची यादी करताना पहिलं नाव तुमचंच तोंडात आलं. तुम्हाला जाऊन वर्षही झालं नाही, सवय कशी मोडणार? शिवाय तुम्हाला विचारायचं बरंच राहून गेलंय, म्हणून लिहायला बसले.

माझी ही धाकटी बहीण पंधराव्या वर्षी अंबरनाथच्या घरातून पळाली, तेव्हा बाबांनी काय केलं आठवतं? रिक्षाला भोंगा बांधून शिवमंदिरापासून स्टेशनपर्यंत फिरले! "कुंदा, असशील तिथून घरी ये!" तुम्ही मूकबधिर मुलांच्या संस्थेतून आलात आणि रिक्षाच अडवलीत. "अहो, हाका कुणाला मारताय? तिला ऐकू येतं का?" बाबा माईक हातात धरून रडायलाच लागले.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, शिलाईच्या कारखान्यात सापडली ती. तिथे तिच्यासारख्या आणखी दोघी होत्या. मालकीण सिंधी बाई म्हणाली, "लडकी इधर खुश है. ले जाओगे तो फिर भागेगी." आईला ते फार लागलं.

तुम्ही तिला घरी आणलंत. आम्हाला वाटलं, संपलं! तर तुम्ही दर शनिवारी हजर. आई चिडायची बरं का. "पोरगी आली ना घरी? मग ही बाई सारखी कशाला टपकते?"

एका शनिवारी तुम्ही विचारलंत, "घरात कुंदाची खूण काय?" हातांनी बोलताना नावाऐवजी प्रत्येकाची एक खूण असायची: बाबांची मिशी, आईची चमकी, माझी वेणी, अगदी दूधवाल्याचीही खूण होती. कुंदाची? नव्हतीच! "तिच्याविषयी आपण तोंडानेच बोलतो की," आई बोलून गेली. तेव्हा कुंदाने गालाच्या खळीत बोट टेकवलं. कारखान्यातल्या मैत्रिणींनी दिलेलं नाव!

दुसऱ्या दिवशी आईने गालाला बोट लावून बाबांना खुणेने विचारलं, ही जेवली का? कुंदा समोरच होती. बाबांच्या आधी तिनेच जोरात मान हलवली, नाही! आपल्याविषयी घरात काय बोलतात, ते तिला पहिल्यांदाच कळलं. मग ती कारखान्यात जाऊ लागली, पण सांगून, डबा घेऊन. संध्याकाळी परत यायची.

पायरीवर बसून तुम्ही दोघी पोट धरून हसायचात, ते कशावर हो? मी विचारलं की म्हणायचात, "तिलाच विचार." ताई, एकदा तरी सांगायचं होतंत!

परवा कुंदाची होणारी सासू म्हणाली, "काळजी करू नका. ती कशी आहे ते मी कळवत जाईन ना." भली बाई आहे. पण ताई, आता दर शनिवारी मी सोनिवलीला जाणार. सासूने कितीही चांगलं सांगितलं तरी कुंदासमोर बसेन, तिलाच विचारेन, आणि तिचे हात थांबेपर्यंत उठणार नाही.

तुमची,
सुनंदा