पफिन कोणत्या काठाचा

लोअर थ्रॅक्सबी, नॉर्थॅम्प्टनशर
सोमवार, नोव्हेंबर

आदरणीय हेस्टर आत्या,

लेटीचा साष्टांग नसला तरी मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? त्या डॉक्टरच्या मलमानं काही होणार नाही, हे मी मागंच लिहिलं होतं. गरम फ्लॅनेल बांधा आणि जिन्याची चढउतार कमी करा. वादळात तिकडे फायली गावात तुमची कौलं उडाली का, तेही कळवा. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे एव्हरर्डला सर्दी झाली आहे, मिस्टर चेटलांशी आमचं बोलणं बंद झालं आहे आणि माझ्या बोटाला चिंधी बांधलेली आहे. अक्षर वाईट आलं तर सांभाळून घ्या.

या सगळ्याचं कारण तुमच्याच समुद्रावरून आलं. तुमच्या कड्यांवर पफिन कावळ्यांसारखे बसतात आणि कुणी मान वर करून बघत नाही. आमच्या परगण्याला समुद्राचं नखही लागलेलं नाही, त्यामुळे वादळात वाट चुकून असला पक्षी इकडे आला की शहाणी माणसं वेडी होतात. (आमच्याकडची आधीच होती; आता लपवत नाहीत एवढंच.) तुमचा भाचा एव्हरर्ड या गावचा पाद्री आहे, पण चर्चपेक्षा त्याचा जीव नॉर्थॅम्प्टनशरमधल्या दुर्मिळ पक्ष्यांवरच्या ग्रंथात जास्त. आमच्या आवारामागचा ओढा ओलांडला की वॉरिकशर लागतं, आणि तिथे राहणारे मिस्टर ऑसविन चेटल वॉरिकशरमधल्या दुर्मिळ पक्ष्यांवर ग्रंथ लिहितात. दोघांच्याही ग्रंथात पफिन नाही, आणि पफिनवाचून ग्रंथ छापायचा नाही असा दोघांचाही हट्ट. त्यातही पक्षी आपल्याच परगण्यात मारलेला हवा, आणि भुसा भरून काचेच्या पेटीत बसवलेला हवा. नुसता डोळ्यांनी पाहिला तर तो पाहिलाच नाही. जिवंत पक्ष्याला या विद्वानांच्या दरबारात काडीची किंमत नाही.

तुम्ही म्हणाल, तुला काय त्याचं? मिस्टर चेटलांनी मला मागणी घातली तेव्हा तुम्ही उशांचे अभ्रे भरतकाम करून पाठवले होते, आठवतं? ते पेटीत पिवळे पडले. लग्न ग्रंथानंतर. कारण काय, तर घरात बायको आली की पडदे धुतले जातात, चुली पेटतात, आणि भरलेल्या पक्ष्यांना वाफ सोसत नाही. एव्हरर्डसुद्धा म्हणतो ग्रंथानंतरच, कारण त्याच्या हस्तलिखिताच्या नकला मी उतरवते (त्याचं अक्षर खुद्द त्यालाही लागत नाही). तेव्हा माझा संसार एका पफिनवाचून खोळंबला आहे, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे का ते?

शुक्रवारी सकाळी वादळ ओसरलं. एव्हरर्ड खिडकीशी दाढी करत होता, तो तसाच, अर्ध्या तोंडाला साबण, बंदूक घेऊन ओढ्याकडे धावत सुटला. मी शाल घेऊन मागोमाग गेले, तर पलीकडच्या काठावर मिस्टर चेटल गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून हजर. ओढ्यात पफिन. हद्द ओढ्याच्या मधोमध जाते, आणि पक्षी कधी या बाजूला वाहत यायचा, कधी त्या बाजूला. दोघांनी टोप्या काढल्या, रात्रीच्या वाऱ्याची चौकशी केली, एकमेकांच्या तब्येती विचारल्या, आणि मग बंदुका भरल्या. पण पाण्यावर बसलेल्या पक्ष्यावर बार टाकणं सभ्य माणसाला शोभत नाही. तो उडाला पाहिजे, मग त्याला मारणं शोभतं. हा काय न्याय आहे, हे पफिनला कुणी समजावलं नव्हतं, आणि तो इतका दमला होता की समजावूनही उडाला नसता. मिस्टर चेटलांनी टाळ्या वाजवल्या. एव्हरर्डनं चर्चमधल्या आवाजात स्तोत्र म्हटलं. त्या आवाजानं चर्च रिकामं होतं, पण पफिन हलला नाही.

मग वाद निघाला तो असा, की पक्षी इकडून उडाला आणि तिकडे पडला तर कुणाचा? मिस्टर चेटल म्हणाले, "पाद्रीबुवा, माणूस जन्मो कुठेही, पुरला जातो तिथलाच धरतात." एव्हरर्ड म्हणाला, "पुरायचं काम माझं आहे चेटल, ते मला शिकवू नका." हे चालू असताना एक वाजला आणि जेवणाची घंटा झाली. आत्या, आपल्या लोकांना विज्ञानासाठी जीव द्यायला सांगा, देतील. गरम मटण निवू द्यायला सांगा, देणार नाहीत. पुडिंग होईपर्यंत कुणी बंदुकीला हात लावायचा नाही, असा दोघांनी एकमेकांना शब्द दिला आणि आपापल्या टेबलाकडे निघून गेले.

मला भूक नाही असं सांगून मी कपड्यांची टोपली घेतली, झगा खोचला आणि ओढ्यात उतरले. पाणी हाडं गोठवणारं होतं. जवळून तो पक्षी अगदीच साधा दिसतो. हिवाळ्यात त्याच्या चोचीचा रंग उतरतो आणि तोंड राखेसारखं होतं. मला त्याची दया आली असं तुम्हाला वाटेल, पण नाही, मला राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. दोघं मिळून त्याचं काय करायचं ते ठरवत होते, आणि माझंही तेच दोघं ठरवत होते. मी त्याला उचललं. त्यानं माझं बोट फोडलं. (त्याचा गैरसमज झाला, आणि आपल्या लोकांची वागणूक पाहता तो योग्यच होता.) धुण्याच्या खोलीत टबाखाली त्याला ठेवलं आणि एक हेरिंग मासा दिला. त्या खोलीत आमच्या घरातला पुरुष आजवर फिरकलेला नाही, तेव्हा याहून सुरक्षित जागा साऱ्या परगण्यात सापडली नसती.

दोघं परत आले तर ओढा रिकामा. "तुम्ही शब्द मोडलात," मिस्टर चेटल म्हणाले. "अर्धं पुडिंग टाकून आलोय मी, आणि शब्द मी मोडला?" एव्हरर्ड म्हणाला आणि शिंकला. एवढ्यावर जुनी मैत्री संपली. असल्या घरात बहीण देणार नाही, असं एव्हरर्डनं जाहीर केलं. असल्या घरची करणार नाही, असं पलीकडून उत्तर आलं. मी तिथेच शेजारी उभी होते, कमरेपर्यंत ओली. का ओली, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

असो. गुडघ्याला जपा. काळजी करण्यासारखं काही नाही.

तुमची,
लेटी

ता. क. बुधवारच्या दुपारच्या गाडीनं झाकणाची एक टोपली येईल. तुमचा गुडघा दुखतो, तेव्हा तुम्ही येऊ नका. ओळखीचा नावाडी तेवढा सांगून ठेवा. टोपली खोल पाण्यात नेऊन उघडायची आहे.

ता. क. टोपलीबरोबर मीही येते आहे, कारण हेरिंग तो माझ्याच हातचा खातो. मागची खोली झाडून ठेवा. एव्हरर्डला आठवड्याचं सांगितलं आहे, पण ट्रंक मोठी आणते आहे.

ता. क. काल मिस्टर चेटल स्वयंपाकघराच्या दारानं आले. माझं बोट पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. (मूर्ख आहेत, पण पफिनचा चावा ओळखतात.) हळूच म्हणाले, "लेटिशिया, एकच सांग. तू धरलास तेव्हा तो कुठल्या बाजूला होता? आमच्या बाजूला असेल तर मला देऊन टाक. काचेची पेटी तयार आहे. ग्रंथ संपला, की ख्रिसमसच्या आत लग्न." मी म्हटलं, पाणी फार गार होतं, बाजू बघायचं राहून गेलं. त्यांनी टोपी चढवली आणि आल्या दारानं गेले.

तो वॉरिकशरमध्येच होता, आत्या. अगदी त्यांच्या काठाला लागून.