अकरा घरांचं हो

कोपी, ऊसतोडीचा अड्डा, सांगलीकडं
२४ नोव्हेंबर २०२४

ती. शुभांगीताईंना सीमाचा सा. न. वि. वि. पुढं काय काय लिवत्यात ते इसरले, शाळेत पाठ केलं हुतं तेवढंच हातात ऱ्हायलंय. हसू नका.

आमी पोचलो. उसाच्या पाचटाची कोपी घातली. तान्हीला पाचटाची खाज उठलीय, लई रडती. मी मोळी बांधते आन ती कडंला झोळीत. जीव तिकडंच लागून ऱ्हातो.

पत्र का लिवते म्हनाल, तर आमचा मोबाईल गावाकडं थोरल्या सृष्टीपाशी ठिवला. ह्यांनी लई शिव्या घातल्या, टोळीत आपन एकलेच बिनफोनाचे म्हनून. मुकादमाचा फोन हाय, पन कोन मेल्याबिगर तो हात लावू देत न्हाई. म्हनून हे पत्र आपल्या गहिनीनाथच्या ट्रकात देते.

ताई, एक सांगायचं हुतं. दिवाळीआधी शाळेनं ते सर्व्हेचे कागद वाटले न्हाईत का, घरी मोबाईल हाय का, नेट हाय का, सा महिने लेकराकडं बघाया मोठं मानूस हाय का. आपल्या वस्तीत लिवता येतं ते मला एकलीला. बाया पोरं काखेत घिऊन माझ्या दारात. अकरा घरांचे कागद मी भरले आन समद्यांवर हो केलं. त्यातली चांगुणा म्हनली बी, मोबाईल तर आपल्याबरूबर जातो. मीच तिला गप केलं. न्हाई लिवलं आन पोरींची नावं कमी केली तर? मला शाळंतनं तसंच काढलं हुतं, घरी कोन बघाया न्हाई म्हनून. तवापास्नं कागद दिसला की मी हो करून मोकळी हुते.

चूक तर न्हाई ना झाली? सृष्टीवर नजर ठिवा. माया पातळ करू नका.

तुमची
सीमा

*

पाथर्डी तालुका
१० डिसेंबर २०२४

चि. सौ. सीमा हिला शुभांगीताईचे पोटभर आशीर्वाद. तान्हीला खोबरेल लाव, खाज कमी होईल.

तुझं पत्र अंगणवाडीत वाचलं आणि मग दिवसभर खिचडीत मीठ घातलं की नाही तेच कळेना.

अगं, मी शाळेच्या समितीवर आहे ते तुला ठाऊक आहे. सरांनी सर्व्हेचा तक्ता वाचून दाखवला. तोडणीला जाणारी घरं अकरा, मोबाईल अकरा, नेट अकरा, बघणारं माणूस अकरा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वस्ती सुधारली म्हणून. कागद माझ्याही हातात आले. अकरा ठिकाणी तुझाच तो आडवा पडलेला हो. मी ओळखला. आणि गप्प बसले. सरपंच इतके खूश होते, मला वाटलं मी कशाला दुधात माशी होऊ.

त्यावरच ठरलं की औंदा हंगामाचं वसतिगृह नको. पोरं आजीआजोबांकडं राहतील, दिवसा शाळेत येतील आणि संध्याकाळचा अभ्यास मोबाईलवर. आईबापाबरोबर जातील त्यांनीही मोबाईलवरच शिकायचं, धडा लावला की हजेरी तिथूनच लागेल. वसतिगृहात दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा मिळायची, ते कुणी बोललं नाही. सीमा, चांगुणाच्या पोरीसह सात पोरी तोडणीला गेल्या बघ.

तुझी सृष्टी मात्र गुणाची. घरात रेंज नाही म्हणून रोज संध्याकाळी उंचावर, बरडावर जाते. तुझ्या सासूबाई, भिमाबाई, काठी टेकत मागं. पडद्यावर सर आले की म्हातारी डोक्यावरून पदर घेते आणि चहा झाला का विचारते. सर उत्तर देत नाहीत म्हणून मला म्हणाल्या, मास्तर लई गर्वाचा दिसतो.

काळजी करू नको. मी आहे इथं.

तुझी
शुभांगीताई

*

अड्डा
२२ डिसेंबर २०२४

ती. शुभांगीताईंना सीमाचा नमस्कार.

सासूबाईंच्या पदराचं ह्यांना वाचून दाखवलं. हे हसले आन मग कोयता घिऊन उसात शिरले. आईची आठवन आली असंल.

मला हसू आलं न्हाई. वसतिगृह माझ्या हातानं बंद झालं व्हय? चांगुणाची पोर हितं माझ्या डोळ्याम्होरं उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करती. भाकरी थापताना माझी पाठ चांगुणाकडं करून बसते मी.

ताई, सरांना सांगा की ते कागद खोटे हायत. पन माझं नाव घेऊ नका. न्हाईतर सृष्टीचं नाव काढतील. कसं सांगायचं ते तुमी शिकलेल्या, तुमाला ठाव.

सासूबाईंचा खोकला कसा हाय? बरडावर वारं असतं, त्यांना पाठवू नका. पन मग पोर एकली जाईल. काय करू सांगा.

इसरू नका आमाला.

सीमा

*

पाथर्डी तालुका
१६ जानेवारी २०२५

चि. सौ. सीमा हिला आशीर्वाद.

तुम्ही भिमाबाईंच्या मातीला आलात, दोन दिवस राहिलात आणि सृष्टीला घेऊन गेलात. त्या गर्दीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही. खरं म्हणजे मी तोंड चुकवत होते.

त्या दिवसाचं तुला पुरतं कुणी सांगितलं नसेल. खोकला वाढला म्हणून भिमाबाई घरीच थांबल्या. पोर एकटी बरडावर गेली. धडा संपवून आली तर आजी भिंतीला टेकून बसलेली, हलेना. सृष्टीच्या हातात मोबाईल होता. आईला फोन करावा म्हणून तिनं तिला पाठ असलेला एकच नंबर लावला. तो तर त्याच मोबाईलचा. लाइन बिझी आहे म्हणून बाई सांगत होती आणि ही पुन्हा पुन्हा लावत होती. माझ्या घराकडं पळत आली तेव्हा मला म्हणाली, आई कुणाशी तरी बोलतीय. मग मी मुकादमाला फोन केला.

सृष्टीला ठेवून घ्यायचं मी घरी काढलं होतं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, लोकाच्या पोरीची जोखीम नको. मी दुसऱ्यांदा गप्प बसले. वसतिगृह असतं तर विचारायची वेळच आली नसती.

सरांना आता सगळं सांगितलं, नाव न घेता. ते म्हणाले, सर्व्हे वर गेला, या हंगामात काही होणार नाही. पुढच्या सालासाठी फेब्रुवारीत नवा आहे. मी म्हणाले, सृष्टी तर गेली. त्यांनी मोबाईलवर बघून सांगितलं की ती रोज हजर आहे. नवा कोरा कागद गहिनीनाथकडं पाठवतेय. तुझ्या मनाला येईल ते कर.

रागावलीस तरी लिहीत जा.

शुभांगीताई

*

अड्डा
९ फेब्रुवारी २०२५

ती. शुभांगीताईंना सीमाचा नमस्कार.

तुमच्यावर राग न्हाई. दोघींनी मिळून केलं ते.

कागद भरला. पैला चांगुणाच्या कोपीत गेले आन तिला इचारलं, तुझं काय लिवू? ती म्हनली, औंदा तरी खरं लिव बया. मग अकरा घरच्या बायांना इचारून अकरा कागद केले, तुमच्या कोऱ्यावरनं वहीच्या पानांवर उतरून. ज्येचं त्येनं सांगितलं, मी निस्तं लिवलं.

माझा असा. मोबाईल हाय, पन दिवाळी ते गुढीपाडवा घरी नसतो. बघाया मोठं मानूस हुतं, आता न्हाई. मोबाईलवर शिकाया आवडतं का, हे सृष्टीला इचारलं. ती म्हनली, आजी संग असली की आवडायचं.

आता मोबाईल तिच्यापाशीच असतो. हितं रेंज बी चांगली हाय. सकाळी ती धडा लावती आन मोबाईल झोळीच्या दोरीला अडकवती. सर बोलत ऱ्हात्यात, तान्ही त्यांच्याकडं बघून गप पडती. तवर सृष्टी वाढं बांधती. म्हनून तुमच्याकडं रोज हजर दिसती ती. धडा तान्ही बघती, ताई.

मला एक करून द्या. सरांना माझं नाव सांगा. सीमा गोरक्ष, अकरा कागद तिनंच भरले हुते म्हनावं. आन सृष्टीच्या नावाम्होरं गैरहजर लावा, ती हितं आल्यापास्नंचे समदे दिवस. मला लई भ्या वाटतं. पन ती हजर दिसली तर पुढच्या साली बी वसतिगृह उघडनार न्हाई.

पटावरनं तिचं नाव तेवढं काढू नका म्हनावं. जागा ऱ्हाऊ द्या तिची.

सीमा