नानाचे साडेतीन किलोमीटर

जळगाव, मंगळवार संध्याकाळ

धुळ्याहून परतले, पण मन तिथेच राहिलंय. माझा मोठा भाऊ, नाना, रोज संध्याकाळी मेसेज पाठवतो: आज तीन किलोमीटर, आज साडेतीन. हृदयविकाराच्या झटक्यानंतर तो पुन्हा पळायला लागला, म्हणून मी कौतुकाने साऱ्यांना सांगत होते.

आज न कळवता गेले. नाना पलंगावर, पाय सुजलेले. फोन खिडकीत, त्यावर पळण्याचं अंतर मोजणारं अॅप चालू. वहिनी म्हणाली, "कुठले पळतात, ताई? दिवाळीपासून अंगणातसुद्धा उतरले नाहीत."

अॅपमधला नकाशा पाहिला. घरात जीपीएसचा सिग्नल नीट मिळत नाही, त्यामुळे ठिपका उगाच भरकटतो आणि अॅप तेही अंतर मोजतं. निळ्या रेघेचा नुसता गुंता, शेजाऱ्यांच्या छपरावरून, विहिरीवरून.

नाना हसून अहिराणीत म्हणाला, "फोन सांगस ना, बठ्ठं खरं शे!" फोन सांगतो ते सगळं खरं म्हणे. मग हळूच म्हणाला, "तू खूश व्हायचीस, बेबी."

खोटं त्याचं की माझं? दम लागतो का, एवढं तरी कधी विचारलं? आकडा आला की मला पुरे व्हायचं.

कॉन्व्हेंटच्या शर्यतीत मी नेहमी शेवटची. सिस्टर मुलग्यांना आत सोडत नसत, म्हणून नाना कुंपणाबाहेरून माझ्याबरोबर धावायचा. "पळ, बेबी, पळ!"

तो निळा गुंता डोळ्यांसमोरून हलत नाही.

आत्ताच मेसेज आला: "आज शून्य."

इतक्या महिन्यांतला पहिला खरा आकडा, आणि तोच मला बघवेना.