दोन खोल्यांचं राज्य

सर,

तुम्ही गेल्याचं मला सार्सच्या दिवसांत कळलं. इथे सिंगापूरला विद्यापीठाच्या दारात तेव्हा रोज आमचा ताप मोजत असत. त्या सकाळी ताप मोजून घेतला, वर आले, ई-मेल उघडला आणि त्यात तुमची बातमी होती. वाईट वाटावं म्हणून मी थोडा वेळ थांबले. ते काही वाटलं नाही, तेव्हा खाली कँटीनमध्ये जाऊन पोटभर जेवले. त्याला आता सहा वर्षं होतील. आज तुम्हाला लिहायला बसले आहे ते तुमची आठवण दाटून आली म्हणून नव्हे. परवाच्या रविवारी बाई भेटल्या. आपल्या विभागातल्या बाई, ज्यांना तुम्ही प्रमुख होऊ दिलं नाहीत त्या.

एम.ए.च्या वर्गात तुम्ही आम्हाला प्रबोधनकाळातला राजकीय विचार शिकवायचात. सत्ता कशी मिळते, तर कुणाला नशिबाने, कुणाला दुसऱ्याच्या सैन्याच्या जोरावर, कुणाला स्वतःच्या कर्तबगारीने. आणि मिळालेली टिकते कशी, तर लोकांना आपली गरज भासत राहील अशी व्यवस्था करायची, आपल्याजवळ कुणाला मोठं होऊ द्यायचं नाही. इटलीतल्या त्या ड्यूक लोकांबद्दल तुम्ही असे बोलायचात, जणू काल संध्याकाळीच त्यांच्याकडे चहा घेऊन आला आहात. मला ते फार भारी वाटायचं. आता हसू येतं. ते ड्यूक निदान घोड्यावर बसून किल्ले घेत, हरले तर जीव गमावत. तुमचं राज्य दोन खोल्यांचं. आधीचे प्रमुख ऑपरेशनसाठी रजेवर गेले, महिन्याभरासाठी कार्यभार तुमच्याकडे आला, आणि ते परतले तेव्हा त्यांच्या खुर्चीत तुम्ही होतात. सैन्य म्हणाल तर एक शिपाई आणि शिफारसपत्रासाठी ताटकळणारे आम्ही दहा-बारा जण. इटलीवरची सगळी पुस्तकं एका कपाटात, आणि कपाटाची किल्ली तुमच्या खिशात. पुस्तक हवं असलं की तुमच्या टेबलासमोर येऊन उभं राहायचं. तुम्ही फोनवरचं बोलणं मुद्दाम लांबवत बसता, मग सावकाश किल्ली काढता, पुस्तक पुढे करता आणि माझ्या हाताला लागण्याआधी किंचित मागे घेता. "चार दिवसांत परत आणा हं." इतक्या फालतू गोष्टीतून इतकं सुख मिळवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

त्याच विषयाचा उरलेला अर्धा भाग बाई शिकवत. ज्या शहरांत राजा नव्हता, नागरिकच आळीपाळीने कारभार पाहत, तिथल्या विचारवंतांचं म्हणणं काय होतं ते त्या सांगत. जिथे माणसं उघडपणे भांडतात ते शहर स्वतंत्र राहतं, असं त्यातल्या काहींचं मत होतं, आणि बाई ते इतक्या रंगून सांगत की तास संपल्यावर आम्ही खरंच भांडत बाहेर पडायचो. आपल्या विभागाचं प्रमुखपदही तीन वर्षांनी फिरायचं. पुढचा क्रमांक बाईंचा होता. त्याच वर्षी त्या अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवतात, अशी तक्रार तुम्ही केलीत, आणि पुरावा म्हणून माझी वही जोडलीत. मला तासाला शब्दन् शब्द उतरवून घ्यायची सवय. बाईंनी थट्टेत तुमच्या खुर्चीबद्दल काढलेले उद्गारही त्यात जसेच्या तसे होते. चौकशी समितीत तुमचेच दोन मित्र. बाईंचे एम.ए.चे तास काढून घेतले, खुर्ची तुमच्याकडेच राहिली, आणि त्या उन्हाळ्यात तुम्ही मला असं शिफारसपत्र लिहून दिलंत की मी शिष्यवृत्ती मिळवून सिंगापूरला आले. अभ्यासक्रमाची छापील पुस्तिका मी इथे सामान लावताना नीट वाचली. बाई शिकवत होत्या ते सगळं तिच्यात होतं.

इथल्या ग्रंथालयात कपाटांना कुलपं नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी ट्रॉली भरून पुस्तकं घेतली आणि महिनाभरात कळलं की तुम्ही फारसं काही वाचलेलंच नव्हतं. तुमचे सगळे किस्से एका जाड पुस्तकाच्या प्रस्तावनेतले होते, अगदी त्याच क्रमाने. आता तोच विषय मी शिकवते. गेल्या सत्रात ट्युटोरियलला एका ड्यूकची हकिगत सांगितली. त्याने जिंकलेला मुलूख धाकात ठेवायला एक क्रूर कारभारी नेमला आणि लोक चिडले तेव्हा सगळं पाप त्या कारभाऱ्याच्या माथी मारून त्यालाच संपवलं. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "प्रोफ, धिस ड्यूक सो क्यासु, लाह." क्यासु म्हणजे आपल्या हातचं काही जाईल या धास्तीने सतत झडप घालणारा. इतकं वाचून मला तुमच्यासाठी जो शब्द सापडला नव्हता, तो त्या पोरीने बसल्या जागी दिला.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. इथेच, पासिर रिस भागात, मुलीकडे तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. फोन त्यांनीच केला. "अगं, तू इथे शिकवतेस म्हणे. ये रविवारी, भाजणी आणलीय मी, थालीपिठं करते." आंग मो किओच्या माझ्या घरून निघाले तेव्हाच ठरवलं होतं की आज सांगून टाकायचं. बाई ओट्याशी उभ्या होत्या, मी शेजारी. नातू येऊन एक घास खाऊन गेला, "आजी, टू स्पायसी, कॅनॉट लाह," आणि बाई हसल्या. मग तव्याकडेच बघत म्हणाल्या, "एक विचारू? ती वही कुणाची होती गं? समितीने मला दाखवलीच नाही. मी वर्गातला एकेक चेहरा आठवत बसायचे. कितीतरी वर्षं. नवीन मुलं आली तरी वाटायचं, यांच्यातलं कोण लिहून नेत असेल? मग शिकवणंच नकोसं झालं."

मी म्हटलं, "माझी होती, बाई."

त्या वळल्या. तव्यावरचं उलटायचं राहिलं. आणि मी लगेच पुढे म्हटलं, "सरांनी मागून घेतली. मला नाही म्हणता आलं नाही."

बाईंनी गॅस बंद केला आणि पिठाच्याच हातांनी माझा हात धरला. "अगं, पोर होतीस तू. त्यांच्यापुढे कुणाचं काय चाललं होतं? एवढी वर्षं मनात ठेवून बसलीस. वेडी." मग त्या तुम्हाला बोलल्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कुणाबद्दल वाईट ऐकलं नव्हतं. मीही बोलले, त्यांच्याहून जास्तच. मला फार हलकं वाटत होतं. तीन थालीपिठं खाल्ली.

वर लिहिलेल्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. तुम्ही क्षुद्र होतात, आणि तुमच्या मोठेपणाबद्दल तुमची स्वतःची खात्री हा त्यातला सर्वांत क्षुद्र भाग होता. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, आणि ज्यांना पोचू शकतं त्यांना मी ते दाखवणार नाही. पुढच्या आठवड्यात बाई पुण्याला परत जातील. विमानतळावर तूच सोडायला ये, असं त्यांनी बजावलं आहे, आणि मी जाईन. खरं काय ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक आहे. तुम्ही वही मागितली नव्हतीत. बाईंचं नावसुद्धा काढलं नव्हतंत. मी आपण होऊन दार वाजवून आत आले, वही टेबलावर ठेवली, आणि तुम्ही ती उघडण्याआधी कोणतं पान बघायचं ते सांगितलं.