टिश्यू कल्चरऐवजी बीजशास्त्र

आप्पा,

सातच्या एस.टी.ने शहाद्याला कॉलेजात जाते आहे. चहा थर्मासमध्ये आहे.

एम.एस्सी.च्या फॉर्मवर सोमवारी मी तुमच्यासमोर टिश्यू कल्चर हा विषय भरला. आज तो बदलून बीजशास्त्र घेणार आहे. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत आहे.

टिश्यू कल्चर शिकले की आपल्या केळीची रोपे घरीच बाटलीत वाढवता येतील, हे तुमचे गणित बरोबर आहे. म्हणून तर विहिरीजवळची खोली तुम्ही भूपेंद्रदादाकडून रंगवून घेतलीत. मी त्याच दिवशी सांगायला हवे होते. पण तुम्ही भिंतीवरून हात फिरवून पाहत होता.

बीजशास्त्राचे नाव काढले तेव्हा तुम्ही हसलात, "केळीले बी ऱ्हास का व पोरी?" आपल्या केळीला बी नसते. तोरणमाळच्या सहलीत मी रानकेळ फोडली, तिच्यात वाटाण्याएवढ्या काळ्या बिया होत्या. तेव्हापासून मला जागेपणीही एक थंड खोली दिसते. मांडण्यांवर बरण्या आहेत, बरण्यांत बिया निजल्या आहेत आणि मी एकेकीवर तारीख लिहिते आहे. तशी नोकरी कुठे मिळते ते मी शोधले आहे. ती इथे नाही, फार लांब आहे.

पाचच्या आधी फोन करू नका. तुमचा आवाज ऐकला तर माझ्याकडून फॉर्म बदलला जाणार नाही. पाचनंतर करा. रागावून केलात तरी मी उचलेन.

कामिनी